काचेचं वय

पांढरा कागद पडद्यावर पांढराच उमटला, तेव्हा डॉ. रोशन मेश्राम यांनी चष्मा काढून पुसला आणि मोजणी पुन्हा सुरू केली. दुसऱ्यांदाही कागद पांढराच.

"मॅडम, लेन्स हीच ना? कुठे बदलली तर नाही?"

"हीच," वृंदा म्हणाली. "मागची पितळी रिंग बघा. माझ्या नवऱ्याने स्वतः लेथवर काढलीय. अशी दुसरी असायची नाही."

मेश्रामांनी रिंग पाहिली, कोरलेला नंबर पाहिला, स्क्रूवरचं लाखेचं सील भिंगाखाली धरून पाहिलं. सील शाबूत होतं. 

"मग ही काच तरुण कशी झाली?"

वृंदा येरणे, वय अठ्ठावन्न, चंद्रपूरच्या एका बंद पडलेल्या दैनिकाची छायाचित्रकार. ती सकाळच्या बसने नागपूरच्या प्रयोगशाळेत आली होती, आणि तिला फक्त खटल्यातल्या एका जुन्या फोटोच्या तारखेवर शिक्का घेऊन परत जायचं होतं. प्रश्नाचा अर्थ तिला लगेच कळला, पण तो आत पोचायला वेळ लागला. थकलेल्या माणसाला वाईट बातमीही उशिरा लागते.

हे प्रकरण समजायला थोडं मागे जायला हवं. मधल्या काही वर्षांत फोटोवर कोणाचाच विश्वास उरला नव्हता. फोनचे कॅमेरे समोरचं टिपण्याऐवजी चित्र जुळवत असत. अंधारात चेहरा नीट आला नाही तर तो मनाने पूर्ण करीत, नको असलेला माणूस पुसून टाकीत. ज्याला जो पुरावा हवा तो घरबसल्या तयार होई. शेवटी न्यायालयांनी छायाचित्रं पुरावा म्हणून घेणं जवळजवळ थांबवलं, आणि मग कोणाला तरी जुन्या पिवळ्या लेन्सांची आठवण झाली.

पाऊणशे वर्षांपूर्वी काही लेन्सांच्या काचेत थोरियम मिसळत. त्यामुळे काच प्रकाशाला जास्त वाकवते आणि चित्र धारदार येतं. थोरियम किरणोत्सारी असतं. त्यातून निघणारे कण वापरणाऱ्याला अपाय करण्याइतके नसतात, पण काचेच्या आत ते बारीक जखमा करत राहतात. त्या जखमांत इलेक्ट्रॉन अडकून बसतात, निळा प्रकाश शोषून घेतात, आणि काच वर्षागणिक पिवळी होत जाते. किती वेगाने, ते ठरलेलं असतं, कारण थोरियमला घाई नसते आणि सुट्टीही नसते. त्यामुळे अशा लेन्समधून काढलेल्या प्रत्येक फोटोवर त्या दिवशीचा पिवळेपणा उमटून राहतो. फोटोतला पिवळेपणा मोजायचा, हातातल्या काचेशी ताडायचा, की फोटो कधीचा हे महिन्या-दोन महिन्यांच्या फरकाने सांगता येतं.

अट एकच होती, की कॅमेऱ्याने मध्ये शहाणपणा करायचा नाही. म्हणून डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्यांना पुन्हा दिवस आले. त्यात लेन्स आणि कॅमेरा एकमेकांशी बोलत नाहीत. छायाचित्रकार लेन्समधून बघतही नाही. तो शेजारच्या छोट्या खिडकीतून बघतो, तिथे एकाच वस्तूची दोन चित्रं दिसतात, आणि लेन्सची रिंग फिरवून ती एकमेकांवर आणली की नेम, म्हणजे फोकस, जुळला. पुढे कोणती काच बसवलीय हे अशा कॅमेऱ्याला ठाऊकच नसतं, त्यामुळे तो तिचे दोष झाकत नाही.

पिवळ्या लेन्सा मात्र बहुतेक दुसऱ्याच घडणीच्या कॅमेऱ्यांच्या. त्या रेंजफाइंडरवर बसवायच्या तर मध्ये अडॅप्टर हवा, आणि लेन्सच्या पाठीला एक उतरती पितळी कड हवी, जी कॅमेऱ्याच्या आतल्या चाकाला नेमकी ढकलेल. ती कड केसभर चुकली तरी खिडकीत माणूस जुळलेला दिसतो आणि फोटोत त्याच्या मागची भिंत धारदार येते. वृंदाचा नवरा नंदकिशोर हेच काम करी. घासायचं, बसवायचं, बघायचं, परत घासायचं. प्रयोगशाळेने मोजून, सील करून नोंदलेल्या लेन्सा बसवण्याचा परवाना जिल्ह्यात त्याच्या एकट्याकडे होता.

"नोंदणीच्या वेळी हिची मोजणी मीच केली होती," मेश्राम म्हणाले. "तेव्हा हळदीच्या दुधासारखी होती. आता जवळजवळ कोरी आहे. असं एकाच गोष्टीने होतं, मॅडम. ऊन. अतिनील किरणांनी अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि घड्याळ शून्यावर येतं."

"म्हणजे फोटो गेला."

"फोटो गेला तरी बरं. समोरचा वकील काय म्हणेल ते ऐका. यांनी आधी ऊन देऊन काच तरुण केली आणि बांध फुटल्यावर फोटो काढला, तारीख मागची पडावी म्हणून." मेश्रामांनी आवाज खाली आणला. "गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली होती का? तसं असेल तर तसं लिहून द्या. कायद्याला निष्काळजीपणा चालतो, हेतू चालत नाही. मी आज मोजणी नोंदवत नाही. सोमवारी या."

बसमध्ये वृंदा खिडकीशी बसली आणि वाटभर तिने बाहेर पाहिलं नाही.

फोटो तीन वर्षांपूर्वीचा होता. मांडवझरी गावाच्या डोक्यावर एका खासगी वीज केंद्राचा राखेचा तलाव होता. कोळशाची ओली राख साठवायची आणि भोवती मातीचा बांध. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी सोमीबाई मडावी या बाईने वृंदाला हाताला धरून बांधावर नेलं आणि एका भेगेत स्वतःचा पाय घोट्यापर्यंत घालून दाखवला. उजेड उतरला होता, म्हणून वृंदाने लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं आणि फोटो काढला. ऑगस्टमध्ये बांध फुटला. राखेखाली गावातली सतरा माणसं गेली, त्यांत सोमीबाईचा धाकटा मुलगा आणि सून होती. कंपनीचं म्हणणं असं की बांध धडधाकट होता, भेग त्या एका अतिवृष्टीच्या रात्री पडली आणि फोटो नंतर बनवलेला आहे. फोटो एप्रिलचा ठरला तर कंपनीला भेग ठाऊक होती असं ठरत होतं, कारण त्याच फोटोत भेगेवर कंपनीच्या शिक्क्याची वाळूची पोती रचलेली दिसत होती.

घरी पोचली तेव्हा नंदकिशोर गच्चीवर होता. वाळवणाचे शेवटचे दिवस. जुन्या पलंगपोसावर कुरड्या, सांडगे आणि मूगवड्या पसरल्या होत्या. वृंदा पूर्वी दिवसभर बातम्यांमागे फिरे, तेव्हापासून घरातलं वाळवण नंदकिशोरचं काम होतं, आणि त्याच्या कुरड्यांना गल्लीत मान होता.

"आली का? काय म्हणते नागपूर?"

"नंदू, कपाटातला माझा स्टीलचा डबा तू उघडला होता?"

त्याने कुरडई खाली ठेवली आणि हसला. "लक्षात आलं तर! मी म्हटलं, बघू तरी किती दिवस लागते. फोटोग्राफर म्हणे, महिनाभर कळलं नाही बाईला."

"काय केलं तू?"

"काय करणार? ऊन दाखवलं. दर मे महिन्यात दुरुस्तीला पडून असलेल्या लेन्सा वाळवणाबरोबर उन्हात टाकतोच ना मी. बुरशी मरते. तुझी तेवढी कधी टाकली नव्हती, तू हात लावू देत नव्हती. पण तू दवाखान्यात होती, मोतीबिंदू काढला, अन् पट्टी निघाल्यावर काय म्हणाली आठवते? आकाश एवढं निळं असते होय! मी म्हटलं, हिच्या डोळ्यातलं भिंग बदललं, आता ही दुसरी पिवळी काच कशाला राहू द्यायची. चांदीच्या कागदात बसवली, तोंड वर केलं, मागे टोपण लावलं, पंधरा-वीस दिवस कुरड्यांच्या शेजारी. सील पाहा, तसंच आहे. स्क्रूला हात लावला नाही आपण."

वृंदा जिन्याच्या कठड्यावर बसली. मग तिने सांगितलं. पिवळेपणा म्हणजेच तारीख, हे नोंदणीच्या वेळी मेश्रामांनी तिला समजावलं होतं. उघडू नका, पुसू नका, उजेडात ठेवू नका. पहिल्या दोन गोष्टी परवान्यावर छापलेल्या होत्या, त्या नंदकिशोरला ठाऊक होत्या. तिसरी तोंडी होती, आणि नंदकिशोरचं काम पितळेपुरतं, काचेवरून तारीख कशी काढतात ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तिने लेन्स डब्यात ठेवली, डबा कपाटात ठेवला, आणि का ठेवला हे घरी सांगितलं नाही. त्या काळात दोघं जेवताना भाजीत मीठ किती यापलीकडे बोलत नसत. भांडण नव्हतं. दोघांचे दिवस भरलेले असत आणि संध्याकाळी बोलायला अंगात काही उरत नसे, इतकंच.

ऐकता ऐकता नंदकिशोर कुरड्या गोळा करत राहिला. सगळ्या डब्यात भरून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मी सोमीबाईची केस बुडवली."

"मेश्राम म्हणतात, डॅशबोर्डवर राहिली असं लिहून द्या."

"आपल्याकडे गाडी कुठाय?"

ती हसली नाही. "विकली त्याच्या आधी राहिली होती, असं म्हणता येईल."

"अन् खरं लिहिलं तर?"

"तुझा परवाना जाईल. वर कोर्ट काय म्हणेल ते वेगळं."

नंदकिशोरने डब्याचं झाकण दाबलं. "मग तू ठरव. मला विचारू नको. मी काहीही सांगितलं तरी ते माझ्यासाठीच होईल."

शनिवारी दुपारी सोमीबाई आली. सुनावणी जवळ आली की ती अशीच यायची, काही विचारायची नाही, पाणी प्यायची आणि बसायची. या वेळी वृंदानेच तिला सांगितलं की काचेत घोटाळा झालाय. कोणी केला ते सांगितलं नाही. नंदकिशोर दारात उभा होता.

"बाई, मले एक सांग," सोमीबाई म्हणाली. "थ्या फोटोत पाय कोनाचा हाय?"

"तुमचा."

"मंग? मी उभी होती तिथं. माह्या पायाखाली होती भेग. मी कोर्टात तीन डाव सांगतलं. सायेब म्हन्ते, मावशी, तुमचं म्हननं ऐकलं, आता काच काय म्हन्ते थे पाहू." तिने पेला उपडा ठेवला. "मानसापरीस काचेची गवाही मोठी झाली. आता थे काचबी फिरली म्हन्ता. फिरन नाई त काय. तिचं कोन मेलं हाय?"

"ऊन मी दिलं, मावशी," नंदकिशोर दारातून म्हणाला. "चांगलं व्हावं म्हणून दिलं. मला माहीत नव्हतं."

सोमीबाई उठली. "चांगल्यासाठीच देल्लं असंन," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली. "थ्या बांधावर पोती बी कोनं चांगल्यासाठीच ठेवली असंन."

ती गेल्यावर वृंदाने कॅमेरा काढला आणि लेन्स बसवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. सोमवारी लेन्स जमा होणार होती, त्याआधी नवऱ्याने काय देऊ केलं होतं ते एकदा बघावं, एवढंच मनात असेल. दिवेलागणीची वेळ होती. गच्चीवर नंदकिशोर पलंगपोस झटकत होता, त्याच्या मागे दूरवर कोणाच्या तरी मांडवाच्या दिव्यांची माळ लागली होती. उजेड कमी म्हणून तिने लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं, खिडकीत दोन नंदकिशोर एकमेकांवर आणले आणि फोटो काढला.

"माझा कशाला काढते? आरोपी म्हणून?"

"सरळ उभा राहा. पोट आत घे."

"ते आता कोर्टानेही आत जात नाही."

पडद्यावर चेहरा स्वच्छ आला होता, कपाळावरचे डाग, पांढऱ्या मिशीतला एक काळा केस. मागचे दिवे नेमाबाहेर असल्यामुळे गोल चकत्यांसारखे फुगले होते. वृंदाने त्या मोठ्या करून पाहिल्या आणि कॅमेरा नवऱ्यासमोर धरला.

"ही कड कशाची?"

प्रत्येक चकती मध्ये पांढरी होती आणि तिच्या काठाला हळदीच्या रंगाचं कडं होतं. सगळ्याच चकत्यांना, एकसारखं.

"काही चिकटलं का काचेला?" नंदकिशोर म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला.

नेमाबाहेरचा दिवा फोटोत लेन्सच्या तोंडाचा आकार घेऊन येतो. म्हणजे तिच्या समोर लेन्सच्या काचेचाच नकाशा होता. मध्ये कोरी, काठाला अजून पिवळी.

"उन्हात ठेवली तेव्हा तोंडाची रिंग कितीवर होती?" तिने विचारलं.

"मी कशाला हलवू? तुझी रिंग मी कधी हलवत नाही. आठवर होती."

आठवर ठेवायचं आणि निघायचं, ही वृंदाची पेपरातल्या दिवसांपासूनची सवय. आठवर लेन्सच्या आतल्या पाकळ्या बऱ्याचशा मिटलेल्या असतात. थोरियमची काच त्या पाकळ्यांच्या मागे होती. ऊन मधल्या भोकातून गेलं, मधली काच उजळली, आणि काठाची काच पाकळ्यांच्या सावलीत आपलं वय धरून बसली.

तिने बांधावरचा जुना फोटो उघडला. सोमीबाईच्या मागे राखेच्या पाण्यावर संध्याकाळच्या उन्हाचे ठिपके होते, तेही चकत्यांसारखे फुगलेले. त्या चकत्या काठापासून काठापर्यंत सारख्या पिवळ्या होत्या. कडं नव्हतं. फोटो काढला तेव्हा काचेला ऊन लागलेलं नव्हतं.

दोघं तशीच उभी राहिली. खूप दिवसांनी दोघांनी मिळून एक गोष्ट पाहिली होती, पण आनंद व्हावा एवढी ताकद कोणातच नव्हती.

"ऊन कोणी दिलं ते सांगितल्याशिवाय हे सांगता येणार नाही," वृंदा म्हणाली. "किती दिवस, कसं, रिंग कितीवर. सगळं लिहावं लागेल."

"लिही मग. रिंग आठवर होती हे मोठ्या अक्षरांत लिही."

सोमवारी मेश्रामांनी दोन्ही फोटो शेजारी लावून पाहिले आणि प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "डॅशबोर्ड सोपा होता, मॅडम."

"होता."

"आता पुढचा प्रश्न येणार, काठाला ऊन लागलंच नाही कशावरून? त्याचं उत्तर एकच आहे. काठाचा तुकडा कापायचा, दळायचा आणि अंधारात तापवायचा. अडकलेले इलेक्ट्रॉन उष्णतेने सुटतात आणि सुटताना प्रकाश देतात. काच ओतली त्या दिवसापासूनचा सगळा साठा बाहेर येतो, आणि तो मोजला की मध्ये कधी ऊन लागलं का ते कळतं. पण हे एकदाच करता येतं. आणि लेन्स राहणार नाही."

वृंदाने लेन्स हातात घेतली. तिच्यातून तिने पंधरा वर्षं काम केलं होतं. सुरुवातीला पेपरसाठी. नंतर लोकांसाठी, आणि लोकांना फोटो हवे असत ते फक्त पुराव्याचे. शेताचा बांध, सुनेच्या पाठीवरचे वळ, भावाभावांतली भिंत. काढून झाल्यावर फोटो चांगला आला का, असं कोणी विचारत नसे.

"तो प्रकाश दिसतो का?"

"डोळ्यांना नाही. यंत्राला दिसतो."

तिने तोंडाची रिंग पूर्ण उघडली, एकदा आरपार पाहिलं आणि लेन्स त्यांच्या हातात दिली. "पितळी रिंग तेवढी परत द्या. ती काचेत धरू नका."

तपासणीचे आकडे फोटोच्या बाजूने आले. काठाला ऊन लागलेलं नव्हतं, आणि फोटोतला पिवळेपणा बांध फुटण्याच्या बऱ्याच आधीचा होता. कंपनीच्या वकिलाने अर्धा दिवस नंदकिशोरला कुरड्या कशा वाळवतात हे विचारलं, आणि नंदकिशोरने ते इतक्या बारकाईने सांगितलं की न्यायाधीशांनी शेवटी पुरे म्हटलं. फोटो पुराव्यात घेतला गेला. त्याच आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात नोंदणीकृत लेन्सशी छेडछाड केल्याबद्दल नंदकिशोर येरणे यांचा परवाना रद्द झाला. त्या लेन्सवर काढलेले बाकीचे फोटोही यापुढे कोर्टात चालणार नव्हते.

बाहेर व्हरांड्यात सोमीबाई बाकावर बसली होती. वृंदाने तिला निकाल समजावून सांगितला, वरच्या कोर्टात अजून किती चालेल तेही सांगितलं.

"म्हन्जे मी खरी झाली," सोमीबाई म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं. "लय दिवस लागले, बाई, खरं व्हायले." मग नंदकिशोरकडे वळून म्हणाली, "तुमचं काम गेलं म्हन्ते."

"गेलं, मावशी."

"कुरड्या इकत जा."

"बघतो," नंदकिशोर म्हणाला. दोघांपैकी कोणी हसलं नाही, पण सोमीबाईने बाकावर सरकून त्याला जागा दिली आणि तो बसला.

पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवर पुन्हा पलंगपोस पसरला. या वेळी त्यावर लेन्सा नव्हत्या. नंदकिशोरने त्या ज्याच्या त्याला परत करून टाकल्या होत्या. लेथवर आता पंपाची बुशिंगं निघत. वृंदा चहा घेऊन वर आली, तेव्हा तिच्या गळ्यात कॅमेरा होता. त्याला पुढे लेन्स नव्हती, नुसतं काळं टोपण होतं. रेंजफाइंडरची खिडकी वेगळीच असते, तिला लेन्सची गरज पडत नाही.

तिने कॅमेरा डोळ्याला लावला. खिडकीत नंदकिशोर होता, डोक्याला टॉवेल, हाताला चिकट पीठ, मागे मे महिन्याचं निळंशार आकाश. त्याने मान वर करून पाहिलं. त्याला टोपण दिसलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेन्सा बसवलेल्या माणसाला ते न दिसणं शक्यच नव्हतं. तरी त्याने टॉवेल नीट केला, पोट आत घेतलं आणि सरळ उभा राहिला.

तिने बटण दाबलं. आत पडदा हलल्याचा आवाज आला.

"काढला?"

"काढला."

"कसा आला?"

वृंदाने कॅमेरा खाली घेतला आणि चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

"चांगला आला," ती म्हणाली.